‘तीस’ खाण्याचा सण: ह्मोंग कोण, म्याओ कोण आणि त्यांची नववर्षं किती

मराठी पंचांगात अमावास्येसमोर ३० हा आकडा छापलेला असतो. ह्मोंग लोकांच्या नववर्षाचं नाव याच आकड्यावरून पडलं आहे: ‘नॉ पे चाऊ’. नॉ म्हणजे खाणं, पे चाऊ म्हणजे तीस. वर्षाच्या शेवटच्या चांद्रमासाचा तिसावा दिवस घरच्यांबरोबर जेवून काढायचा, म्हणून हा सण ‘तीस खाण्याचा’.

नाव तिसाचं असलं तरी सण त्या दिवशी असेलच असं नाही. लाओसच्या डोंगरांत भात घरात येऊन पडलं की, म्हणजे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात, गावागणिक नववर्ष होतं. अमेरिकेत सेंट पॉल शहरात ते नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला जोडून होतं, तर कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोला नाताळ उलटल्यावर. चीनच्या ग्वेझो प्रांतातल्या लेइशानमध्ये नववर्ष येतं दहाव्या चांद्रमासात. आणि लेइशानची ही मंडळी स्वतःला ह्मोंग म्हणत नाहीत, ह्मू म्हणतात. चिनी सरकारच्या दप्तरी मात्र दोघेही ‘म्याओ’.

हा नावांचा गुंता आधी सोडवावा लागतो. तो तसाच ठेवून सणांबद्दल वाचलं की लाओसचा चेंडूचा खेळ, ग्वेझोचे चांदीचे शिंगमुकुट आणि हुनानची ढोलगाणी हे सगळं एकाच समाजाचं आहे असं वाटायला लागतं. इंटरनेटवरच्या बऱ्याच लेखांत नेमकी हीच चूक असते.

म्याओ ही सरकारी नोंद, ह्मोंग हे स्वतःचं नाव

चीनमध्ये अधिकृतपणे ५६ वंशगट मानले जातात. १९५० च्या दशकात नोंदणी सुरू झाली तेव्हा चारशेहून अधिक नावं पुढे आली होती. ती छाटत, एकत्र करत हा ५६ चा आकडा १९७९ मध्ये पक्का झाला. त्यातला एक गट म्हणजे म्याओ. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे १ कोटी १० लाख होती. सगळ्यात जास्त वस्ती ग्वेझोत. बाकी हुनान, युन्नान, ग्वांगशी, चोंगचिंग, सिचुआन अशी पसरलेली.

या एका नोंदीखाली निदान चार मोठे समाज येतात. पश्चिमेकडचे ह्मोंग. आग्नेय ग्वेझोतले ह्मू. पश्चिम हुनानचे शोंग. ईशान्य युन्नान आणि लगतच्या ग्वेझोतले आ-ह्माओ. चौघांच्या भाषा एकाच कुळातल्या आहेत, पण एकाची दुसऱ्याला कळत नाही. ह्मू आणि ह्मोंग माणसं समोरासमोर आली तर बोलणं चिनीतच होतं. त्यावर कडी म्हणजे हायनान बेटावरचे ‘म्याओ’. त्यांची भाषा मुळात शेजारच्या याओ समाजाच्या भाषांपैकी आहे, तरी कागदावर ते म्याओच.

उलट दिशेनेही तेवढीच काळजी घ्यावी लागते. चीनबाहेर गेलेले जवळजवळ सगळे ह्मोंग आहेत. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात छिंग राजवटीविरुद्ध म्याओ प्रदेशात मोठी बंडं झाली. त्यातलं शेवटचं मोठं बंड १८५४ ते १८७३ असं जवळपास वीस वर्षं चाललं. त्या धामधुमीच्या शतकात ह्मोंग कुटुंबं डोंगर धरून दक्षिणेकडे व्हिएतनाम, लाओस आणि पुढे थायलंडमध्ये उतरली. व्हिएतनामात २०१९ च्या जनगणनेत ते सुमारे १४ लाख होते, लाओसमध्ये २०१५ साली सुमारे ६ लाख. व्हिएतनाम युद्धाच्या काळात लाओसमध्येही युद्ध चालू होतं; त्यात ह्मोंग सेनानी वांग पाओ यांच्या हाताखाली अनेकजण अमेरिकेच्या बाजूने लढले. १९७५ मध्ये ती बाजू हरल्यावर हजारो कुटुंबं मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आली आणि तिथून अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, फ्रेंच गयाना इथे गेली. आज एकट्या अमेरिकेत तीन लाखांहून अधिक ह्मोंग आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सर्वांगीण सुवर्ण जिंकणारी सुनी ली ही सेंट पॉलच्या ह्मोंग घरातली.

म्हणून साधा नियम असा: चीनमधले ह्मोंग सरकारी हिशेबात म्याओ आहेत, पण सगळे म्याओ ह्मोंग नाहीत.

शब्दांची धारही समजून घ्यायला हवी. ‘म्याओ’ हे चिनी अक्षर वरती गवत आणि खाली शेत असं लिहितात, अर्थ ‘रोप’. अर्थ निरुपद्रवी आहे, इतिहास तसा नाही. जुने अधिकारी कर भरणाऱ्यांना ‘शिजलेले म्याओ’ आणि राजवटीबाहेर राहणाऱ्यांना ‘कच्चे म्याओ’ म्हणत. आजच्या चीनमध्ये लोक स्वतःची ओळख म्याओ अशी सहज सांगतात, तिथे तो शब्द चालतो. सीमा ओलांडली की त्याचाच ‘मेओ’ होतो, आणि व्हिएतनामी भाषेत ‘मेओ’ म्हणजे मांजर. लाओस, थायलंड, व्हिएतनाम किंवा अमेरिकेतल्या ह्मोंग माणसाला मेओ म्हणणं ही शिवी आहे. जुन्या प्रवासवर्णनांतून हा शब्द आपल्या लेखनात उचलला जाणार नाही, एवढी खबरदारी घ्यायलाच हवी.

शेवटचं अक्षर वाचायचं नसतं

ह्मोंग लोक रोमन लिपीत स्वतःचं नाव एच-एम-ओ-ओ-बी असं लिहितात. बाहेरचा माणूस ते ‘ह्मूब’ वाचतो आणि गोंधळतो. ही लेखनपद्धत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लाओसमध्ये मिशनरी आणि भाषाअभ्यासकांनी ह्मोंग लोकांच्या मदतीने बसवली. तिचे दोन नियम कळले की कोडं सुटतं. स्वर दोनदा लिहिला की शेवटी अनुनासिक ‘ङ्’ येतो. आणि शब्दाच्या टोकाचं व्यंजन हे व्यंजन नसून सुराची खूण असते: ‘बी’ म्हणजे उंच सूर, ‘व्ही’ म्हणजे चढता, ‘जे’ म्हणजे वरून उतरणारा. म्हणून ते ‘ह्मोंग’, उंच सुरात.

सुरांवर किती अवलंबून आहे हे नववर्षाच्या चेंडूच्या खेळावरून कळतं. खेळाचं नाव ‘पॉ पॉ’. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात. पहिला ‘पॉ’ चढत्या सुरात, अर्थ फेकणे. दुसरा उंच सुरात, अर्थ चेंडू.

सुरुवातीचा ‘ह्म’ मराठी माणसाला तसा अवघड नाही, कारण आपल्या तोंडात ‘म्हैस’ आणि ‘म्हणून’ आहेत. फरक एवढाच की आपला म्ह घुमतो. ह्मोंगचा तसा नाही. ओठ मिटून आधी नाकातून नुसता श्वास सोडायचा आणि मग स्वर काढायचा. ह्मोंगमधली एक मोठी शाखा हा श्वास सोडतच नाही, ती ‘मोंग’ म्हणते. त्यामुळे दोन्ही रूपं बरोबर आहेत.

आधी आडनाव विचारतात

दोन अनोळखी ह्मोंग भेटले की पहिला प्रश्न कुळाचा, म्हणजे ‘सेंग’चा. यांग, वांग, श्योंग, ली, लॉ, मुआ, थाओ, वू अशी कुळं. परंपरेने ती अठरा सांगतात, प्रत्यक्ष यादी प्रदेशाप्रमाणे थोडी बदलते. एकाच कुळात लग्न होत नाही, मग दोघांची घरं दोन देशांत असोत आणि रक्ताचं नातं शोधून सापडत नसो. आपल्याकडे देवक एक निघालं की सोयरीक थांबते, तसंच. लग्नानंतर बाईचं कुळ-नाव बदलत नाही, पण घरच्या देवकार्यात ती नवऱ्याच्या कुळात मोजली जाते.

हे इथेच सांगण्याचं कारण म्हणजे नववर्षाचा चेंडूचा खेळ याच नियमावर उभा आहे.

नववर्ष घरात कसं होतं

मैदानातली गर्दी ही नववर्षाची बाहेरची बाजू. खरं नववर्ष त्याआधी घरात होऊन गेलेलं असतं.

पहिलं काम जुनं वर्ष झाडून काढण्याचं. याला ‘ल्उ शू’ म्हणतात. गवताचा दोर वळून तो झाडाला किंवा खांबाला कमानीसारखा बांधतात. जाणता माणूस हातात जिवंत कोंबडा धरून उभा राहतो आणि सगळं घर, कधी सगळं गाव, त्या दोराखालून फेऱ्या घालतं. आधी एका दिशेने, मग उलट. फेऱ्यांची संख्या घराण्याप्रमाणे बदलते. माणसं खालून जात असताना कोंबडा त्यांच्या डोक्यावरून फिरवला जातो. वर्षभराची आजारपणं, भांडणं, अपशकुन त्याने ओढून न्यायचे असतात. उलट दिशेच्या फेऱ्या नव्या वर्षाचं चांगलं आत घेण्यासाठी. काही जण घाईत एकाच दिशेने फिरून मोकळे होतात, तेव्हा वडीलधारे त्यांना परत रांगेत उभं करतात.

मग ‘हू प्ली’, आत्म्यांना हाक मारणं. ह्मोंग समजुतीत माणसाला एक नाही, अनेक आत्मे असतात, आणि भीतीने, आजारपणात किंवा लांबच्या प्रवासात एखादा मागे राहू शकतो. वर्ष संपताना सगळ्यांना घरी बोलवायचं. पुढचं दार उघडं ठेवतात. उंबऱ्याशी छोट्या स्टुलावर वाडगाभर कोरडे तांदूळ, त्यात घरातल्या माणसागणिक एक अंडं, पेटवलेली उदबत्ती आणि शेजारी कोंबडा-कोंबडीची जोडी. हाक मारणारा बाहेर तोंड करून मंत्र म्हणतो आणि शिंगाच्या उभ्या चिरलेल्या दोन फाका जमिनीवर टाकतो. हवा तसा कौल पडला की आत्मे आले. नाही पडला तर पुन्हा विनवणी, पुन्हा फेक. त्यानंतर कोंबड्या कापून अख्ख्या उकडतात आणि दुसऱ्यांदा हाक मारतात. उकडलेल्या कोंबडीचे पाय, जीभ आणि कवटी जाणती माणसं निरखून बघतात. पायाची बोटं नीट एकत्र वळलेली असली तर घर एकजूट राहील. एखादं वाकडं बाहेर आलं तर कोणाकडे तरी लक्ष द्यायला हवं. म्हणून शिजवणाऱ्याला बजावलेलं असतं की कोंबडी फार रटरट उकळून तिचे पाय तुटू द्यायचे नाहीत.

तिसरं काम देव्हाऱ्याचं. पुढच्या दारासमोरच्या भिंतीवर ‘स्उ का’ या गृहरक्षक देवाचा कागद लावलेला असतो. वर्षातून एकदा तो बदलतात. नव्या कागदावर सोनेरी-रुपेरी कागदाचे तुकडे लावून, कोंबड्याचं रक्त लावून त्यावर त्याचीच पिसं चिकटवतात. रक्त सुकायच्या आत पिसं लावली नाहीत तर ती चिकटत नाहीत, इतकं साधं त्यात आहे.

ख्रिस्ती झालेली ह्मोंग घरं हे तिन्ही विधी सोडतात. कपडे, जेवण, चेंडू आणि गाणी मात्र ठेवतात. त्यामुळे ‘ह्मोंग नववर्षाचा विधी’ असं सरसकट लिहिण्याआधी कोणत्या घरातला हे विचारावं.

मैदानावर

दोन रांगा समोरासमोर, काही पावलांचं अंतर. एका रांगेत मुलगे, दुसरीत मुली. चेंडू पूर्वी घरी शिवलेला, काळ्या कापडाचा असे. आता बहुतेक ठिकाणी टेनिसचा असतो. तो खालून वर, अलगद टाकायचा. जोरात मारणं हे अडाणीपणाचं लक्षण, कारण हेतू बोलणं चालू ठेवण्याचा असतो. समोरच्याचं कुळ आधी विचारून घ्यायचं. एकच निघालं तर जागा बदलायची. कुळं वेगळी असली तर चेंडू तासन्‌तास जातो-येतो.

चेंडू पडला की दंड. ज्याच्या हातून सुटला त्याने अंगावरची एखादी वस्तू, रुमाल किंवा दागिना, समोरच्याला द्यायची. ती परत मिळवायची असेल तर गाणं म्हणायचं. या गाण्याला ‘क्उ त्सिया’ म्हणतात आणि ते तिथल्या तिथे रचावं लागतं. एक कडवं म्हणायचं, मग तेच कडवं यमकाचे शब्द तेवढे बदलून परत म्हणायचं. दुसऱ्या यमकाला शब्द सापडला नाही की गाणारा अडकतो. अमेरिकेत वाढलेल्या पिढीला इथेच अडतं. बोलीभाषा येते, पण गाण्यातले जुने जोडशब्द येत नाहीत.

कमरेच्या पट्ट्यांवर नाणी शिवलेली असतात, चालताना ती वाजतात. लाओसच्या जुन्या पोशाखांवर फ्रेंच इंडोचायनाची चांदीची नाणी सापडतात. आता बहुतेक ठिकाणी हलक्या धातूच्या नकला असतात.

केंग हे वाद्यही इथे दिसतं: लाकडी पेटीत बसवलेल्या बांबूच्या सहा नळ्या. श्वास सोडताना आणि ओढताना दोन्ही वेळा ते वाजतं, त्यामुळे आवाज तुटत नाही आणि वादक वाजवताना गिरक्या घेऊ शकतो. नववर्षाला ते करमणुकीसाठी असतं, पण त्याचं मुख्य काम अंत्यविधीतलं. भाषा सुरांची असल्याने केंगच्या स्वरांत शब्द बांधता येतात, आणि मृताच्या आत्म्याशी केंग अक्षरशः बोलतं. म्हणूनच अंत्यविधीची रचना सणाच्या व्यासपीठावर कोणी वाजवत नाही.

न्जुआ: कुटलेल्या भाताची चकती

नववर्षाचा पदार्थ म्हणजे न्जुआ. चिकट भाताचा, पण आपला इंद्रायणी इथे चालत नाही. चिकट तांदळात अमायलोज हा स्टार्च जवळजवळ नसतोच, म्हणून तो कुटल्यावर लांब ओढला जाणारा गोळा होतो. इंद्रायणीत तो असतो, त्याचा नुसता गिचका होईल. परदेशातल्या आशियाई दुकानात ‘ग्लुटिनस राइस’ लिहिलेली पिशवी मिळते. तिच्यात गव्हातलं ग्लूटेन नसतं.

तांदूळ रात्रभर भिजवायचे. पाणी पूर्ण निथळून वाफेवर शिजवायचे, पाण्यात नाही. पाण्यात शिजवलेला भात जास्त ओला राहतो आणि कुटताना पसरतो. दाणा मधोमध पारदर्शक दिसला की झाला. तो गरम असतानाच लाकडाच्या डोणीत ओतून दोघांनी आळीपाळीने मोठ्या मोगऱ्यांनी कुटायचा. थंड झाला की दाणे घट्ट होतात आणि कितीही घाव घातले तरी कणी राहते; न्जुआ बिघडतो तो बहुतेक इथेच. एकसंध झाला की हाताला उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा तेल चोळून तळहाताएवढ्या चकत्या करायच्या आणि केळीच्या पानात ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी त्या लाकडासारख्या कडक होतात. निखाऱ्यावर धरल्या की फुगतात, आतून परत मऊ होतात. उसाच्या काकवीबरोबर किंवा मधाबरोबर खातात.

ग्वेझोच्या दऱ्यांत

आता ह्मू लोकांकडे. त्यांच्या सणांच्या तारखा चिनी चांद्रमासाने सांगतात, आणि मराठी वाचकाला त्या पटकन बसवता येतात, कारण आपला महिनाही अमावास्येलाच संपतो. त्यांचा पहिला महिना साधारण आपला माघ, तिसरा चैत्र, पाचवा ज्येष्ठ, दहावा कार्तिक. अधिक महिना दोघांकडे आहे, पण तो नेहमी एकाच जागी पडत नाही, त्यामुळे काही वर्षी महिनाभराचा फरक निघतो.

ह्मू नववर्ष कार्तिकाच्या सुमारास, पण गावाप्रमाणे ससा, बैल अशा बारा प्राण्यांच्या चक्रातला दिवस धरून. त्यामुळे एका दरीत सण संपला की पलीकडच्या दरीत सुरू होतो. हा दोष नव्हे. नातेवाइकांना सगळ्यांकडे जाता यावं म्हणून हे सोयीचंच आहे.

तिसऱ्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे चैत्र पौर्णिमेच्या आसपास, ताइच्यांग काउंटीत आणि शिदोंगच्या परिसरात ‘भगिनी-भात’ होतो. २०२४ मध्ये तो दिवस २३ एप्रिल होता, आपल्याकडे हनुमान जयंती. मुली चिकट तांदूळ पानाफुलांच्या रसात वेगवेगळे भिजवतात, वेगवेगळे वाफवतात आणि मगच एकत्र करतात. आधी मिसळले तर रंग एकमेकांत उतरून सगळा भात मळकट होतो. मुलगे भात मागायला येतात. मुलगी जो भात बांधून देते त्याच्या आत निरोप लपवलेला असतो. पाइनची सुईसारखी पानं म्हणजे पुढच्या वेळी सुया आणि रेशमी दोरे घेऊन ये. खायच्या काड्यांची जोडी म्हणजे लग्नाला होकार. मिरची किंवा लसूण म्हणजे नकार. खुणांचे तपशील गावाप्रमाणे बदलतात. जाहिरातींत याला ‘म्याओंचा व्हॅलेंटाइन दिवस’ म्हणतात. त्यात हरवतं ते हे की मुलींनी एकत्र बसून जेवणं हा सणाचा गाभा आहे, म्हणून तर नावात भगिनी आहेत.

पाचव्या महिन्यात, २४ ते २७ या दिवसांत, त्याच भागात छिंगश्वेइ नदीवर नौकाशर्यती होतात. नाव तीन पोखरलेल्या खोडांची: मधलं मोठं ‘आई’, दोन्ही बाजूंना बांधलेली ‘मुलं’. वल्हवणारे उभे राहून वल्हवतात. चिनी नौकोत्सव याच महिन्याच्या पाचवीला असतो. दोन्ही एक समजून गेलेला प्रवासी तीन आठवडे आधी पोचतो.

मोजण्यातली आणखी एक गफलत गूझांग या पूर्वजांच्या महोत्सवाची. तो ‘दर तेरा वर्षांनी’ असतो असं वाचायला मिळतं. चक्र बारा वर्षांचं आहे; पहिलं आणि शेवटचं दोन्ही वर्षं मोजल्यामुळे तेरा होतात. पोकळ खोडाच्या ढोलात पूर्वजांचा वास मानतात, ढोल वाजवून त्यांना जागं करतात आणि रेडे, लेइशानकडे डुकरं, बळी देतात. या पूर्वजपरंपरेच्या मुळाशी फुलपाखरू-आईची कथा आहे: ती एका झाडातून जन्मली, तिने बारा अंडी घातली, त्यांतून पहिला माणूस, वीज, ड्रॅगन, वाघ, रेडा असे सगळे निघाले. भाषांतरांत त्या झाडाला मेपल म्हणतात. ते मेपल नाही. पानं तशी दिसतात एवढंच. ते सुगंधी डिंकाचं फंगश्यांग नावाचं झाड आहे.

चांदीचे मोठे शिंगमुकुट हे मूळचे याच भागातले. गेल्या काही वर्षांत फ्रेस्नो आणि सेंट पॉलच्या नववर्षातही ते घातलेले दिसतात. लाओसहून आलेल्या आजीच्या पेटीत तसा मुकुट कधीच नव्हता. नातीने तो चीनमधून मागवलेला असतो. त्याला खोटं म्हणू नये. समुद्रापलीकडची मुलगी आपलं नातं पुन्हा ग्वेझोशी जोडते आहे. फक्त तो फोटो लावून खाली ‘लाओसचा पारंपरिक ह्मोंग पोशाख’ असं लिहू नये.

डोंगरातल्या ह्मोंग गावात सणाच्या दिवसांत जाणाऱ्याने एक गोष्ट पाळावी. दाराच्या चौकटीला हिरवी फांदी किंवा बांबूच्या पट्ट्यांची विणलेली खूण अडकवलेली दिसली तर आत विधी झालेला आहे आणि घर बाहेरच्यांना बंद आहे. याला ‘चाइ’ म्हणतात. खूण नसली तरी थेट आत शिरत नाहीत. अंगणातून हाक मारून ‘घरात चाइ आहे का?’ असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबायचं.